आमच्या घरातलं मनमाड

"सर आहेत का?" एवढं कुणी विचारलं की माझी तळपायाची आग मस्तकात जायची. अजूनही निघते, पण आता वयामुळे गुडघ्यापर्यंत येऊन दमते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासच्या मालकांना सगळे सर म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण कॉम्प्युटरशी त्यांचं नातं एवढंच, की रोज सकाळी ते त्यांना उदबत्ती ओवाळत. शिकवणं माझ्याकडे, बिघडलेलं दुरुस्त करणं माझ्याकडे, आणि पालक आले की "सर कुठे आहेत?" मग सर केबिनमधून बाहेर यायचे, सगळं आपणच केलंय अशा आवाजात बोलायचे आणि मी शेजारी फळा पुसत उभी.

तिथेच एकदा सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं ठरलं. एकावर ठेवलेली फाइल दुसऱ्यावर बसून उघडता यावी, फ्लॉपी घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर पळायला लागू नये, म्हणून. एक माणूस आला. त्याने एक वायर करून दाखवली, चहा प्यायला, उरलेल्या उद्या करतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. बाकीच्या सगळ्या वायरी मी केल्या. एका निळ्या वायरीच्या पोटात आठ बारीक रंगीत तारा असतात. त्या ठरलेल्या क्रमाने ओळीत लावायच्या, सारख्या कापायच्या, पारदर्शक प्लगमध्ये सरकवायच्या आणि पकडीने दाबायच्या. एक तार जरी इकडची तिकडे झाली तरी सगळं मुसळ केरात. पहिल्या आठवड्यात माझी बोटं सोलवटून निघाली, पण वायरी चालल्या. नंतर कुणी पाहुणे बघायला आले तेव्हा सर त्यांना म्हणाले, "खास पुण्याहून माणूस बोलावला होता."

मी शेजारीच उभी होते. पुण्याहून आलेला माणूस म्हणजे मी. त्या दिवशी घरी जाताना बसमध्येच ठरवलं, की आता स्वतःचा क्लास.

ठरवणं सोपं होतं. जागा कुठून आणायची? नाशिकरोडला सासऱ्यांचं बैठं घर होतं. पुढे व्हरांडा, मग हॉल, आत दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. सासरे रेल्वेतून रिटायर झालेले. सगळी नोकरी मनमाडला, सिग्नलच्या केबिनमध्ये. सासूबाई जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. हॉलमध्ये सासऱ्यांचा दिवाण होता आणि दुपारी रेल्वेतले जुने सोबती त्या दिवाणावर मेंढीकोट खेळायला जमत. त्या हॉलवर माझा डोळा होता. आमचे हे म्हणाले, "तू विचार, मला जमणार नाही." यांना बाबांसमोर काही मागायचं म्हटलं की सिन्नरच्या कंपनीतली शिफ्ट आठवते.

मीच विचारलं. बाबांनी पत्ते पिसत ऐकून घेतलं. सरकारने मान्य केलेला कोर्स आहे, गुरुजी लोकांना आणि सरकारी नोकरांना तो करावाच लागणार आहे, पण क्लासला मान्यता हवी तर कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले हवेत, वरून साहेब बघायला येतात, वगैरे सगळं मी एका दमात सांगितलं. ते म्हणाले, "हॉल घे. दिवाळीपर्यंत. मान्यता आली तर आली. नाही आली तर दिवाळीला माझा दिवाण परत इथे. आणि माझ्या भिंतींना एकसुद्धा भोक पाडायचं नाही."

म्हणजे मान्यता नाही मिळाली तर टेबलं बाहेर आणि मी पुन्हा कॉलेज रोडला, सरांच्या शेजारी फळा पुसायला. नोकरी सोडताना सर मला हसत म्हणाले होते, "दिवाळीनंतर या परत, तुमची जागा ठेवतो." त्यांना दिवाळीचं कुणी सांगितलं होतं देव जाणे. ते हसणं मी कॉम्प्युटर पुसताना, भाकरी थापताना, कायम डोक्यात घेऊन फिरत होते.

दिवाण व्हरांड्यात गेला आणि मेंढीकोटही. हळूहळू आठ कॉम्प्युटर जमले, काही नवे, काही कुणाच्या ऑफिसातून निघालेले. हॉलमध्ये चार बसले, एका खोलीत तीन. आठवा, म्हणजे ज्याच्यावरून बाकी सगळ्यांना प्रश्नपत्रिका जायची तो सर्व्हर, कुठेच मावेना. तो शेवटी स्वयंपाकघरात गेला, पिठाच्या डब्याशेजारी. लोक हसले. मी म्हटलं, माझा अर्धा दिवस तिथेच जातो, माझ्या नजरेसमोर राहील.

वायर आणायला एमजी रोडला गेले तर दुकानदार म्हणाला, "ताई, साहेबांना पाठवा, यात बऱ्याच भानगडी असतात." मी त्याला म्हटलं, "भानगडी मला सांगा, साहेब झोपलेत." मग त्याने दहाच्या स्पीडचा हब काढला. मी म्हटलं, शंभरचा द्या. जुना माल गळ्यात मारायचा त्याचा बेत फसला आणि चेहरा पडला. हब म्हणजे एक चपटी पेटी, तिला आठ तोंडं. प्रत्येक कॉम्प्युटरची वायर त्या पेटीत येणार आणि पेटी एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवणार. ज्या तोंडात वायर नीट लागली त्याच्यावर हिरवा दिवा लागतो. एवढंच तिचं बोलणं.

भिंतींना भोक पाडायचं नव्हतं. म्हणून मी वायरी दारांच्या चौकटींवरून, झरोक्यांतून, पंख्याच्या पट्टीला धरून नेल्या. शिडीवर चढून, पदर खोचून, तोंडात क्लिपा धरून सगळं घर मी स्वतः पालथं घातलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "लायटिंग का गं, बारसंबिरसं आहे की काय?" पोळ्या लाटतानासुद्धा माझ्या तोंडात रंगांचा क्रम असायचा. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. बाबा एकदा पाण्याला आत आले, थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "हे कुठलं स्तोत्र काढलंस?"

हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दारावर एक फळी होती. तिच्यावर मी हब ठेवला. ज्या दिवशी आठही दिवे लागले त्या दिवशी मी सगळ्यांना हाका मारून दाखवलं. स्वयंपाकघरातल्या कॉम्प्युटरवर हॅपी दिवाळी असं लिहून ठेवलं आणि ते हॉलमधल्या चारही पडद्यांवर उघडून दाखवलं. दिवाळी अजून लांब होती. आमच्या ह्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा मान वर करून त्या फळीकडेच बघत होते.

"सगळ्या वायरी इथे येतात?"

"हो."

"इकडची तिकडे इथूनच जाते?"

"हो बाबा."

"म्हणजे मनमाड," ते म्हणाले आणि व्हरांड्यात निघून गेले.

तेव्हापासून घरात हबला मनमाड हे नाव पडलं. एखादी वायर सैल झाली की आमचे हे ओरडायचे, "मनमाडला गाडी अडकली बघ." बाबांनी मात्र ते नाव पुन्हा घेतलं नाही. ते त्या टेबलांच्या वाटेलाही जात नसत, हॉलमधून जाताना अंग चोरून जात. मला वाटायचं, मनातून दिवाळीची वाट बघतायत. आणि खरं सांगायचं तर मला त्याचा रागच यायचा.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला घरातलं सगळं लोखंड पूजेला लागतं. विळी, कात्री, यांची दुचाकी. त्या वर्षी मी कॉम्प्युटरही पुजले. बाजारातून झेंडूची टोपली आणली, प्रत्येकाला हार घातला, कुंकवाचं बोट लावलं. बाबांना म्हटलं, तुम्ही एक फूल वाहा. ते म्हणाले, "त्या डब्यांची कसली पूजा?" आणि जुन्या सोबत्यांकडे सोनं वाटायला निघून गेले. मी आपट्याची पानं हातात घेऊन तशीच उभी. सणासुदीला भांडले नाही, पण तो शब्द मला लागला.

दिवाळीच्या आधी साहेब तपासणीला येणार असं कळलं. मी ह्यांना निक्षून सांगितलं, रजा काढायची नाही. तुम्ही घरात दिसलात तर तो माणूस सगळं तुमच्याशीच बोलेल आणि तुम्ही माना डोलवाल. हे बिचारे पहाटेच्या गाडीने सिन्नरला गेले. आदल्या संध्याकाळी मी सगळं चालवून बघितलं होतं, आठही दिवे लख्ख होते. वीज जायची वेळ दुपारची, म्हणून साहेबांना सकाळीच बोलावलं होतं. पण ते सांगितल्यापेक्षा बरेच लवकर आले. त्यांना पुढे निफाडला जायचं होतं. मी नुकती आंघोळ करून केस विंचरत होते.

व्हरांड्यातून आवाज आला, "सर आहेत का?"

आणि बाबांचा आवाज, "मुलगा सिन्नरला गेलाय, कामावर."

मी वेणी तशीच टाकून बाहेर आले. म्हटलं, "क्लास माझा आहे, या." साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, की अजून कुणी येतंय का. वयस्कर गृहस्थ, बोलायला सभ्य, हातात बॅग. म्हणाले, "बरं, सुरू करा. आठही एका वेळी चालताना दिसले पाहिजेत, मग मी मोकळा."

मी धडाधड आठही सुरू केले. स्वयंपाकघरातून नमुन्याची प्रश्नपत्रिका सोडली. हॉलमध्ये आणि खोलीत जाऊन बघते तर एकाही पडद्यावर काही नाही. सातही कॉम्प्युटर सांगत होते, की सर्व्हर सापडत नाही. वर फळीकडे बघितलं तर सात दिवे लागलेले आणि सर्व्हरचा दिवा विझलेला.

साहेबांनी घड्याळ बघितलं. मी शिडी आणली, वर चढले आणि सर्व्हरची वायर काढली. प्लग खराब झाला असेल म्हणून तो कापून टाकला आणि तिथेच शिडीवर बसून नवा लावला. तारा सोडवल्या, ओळीत लावल्या, कापल्या, दाबल्या. एकही तार इकडची तिकडे झाली नाही, याचा मला आजही अभिमान आहे. खालून साहेब बघत होते. त्यांनी विचारलं, "हे तुम्हीच केलंय सगळं?" मी तोंडात पकड असल्यामुळे नुसती मान हलवली.

नवा प्लग लावला तरी दिवा लागेना. मग मी तीच वायर शेजारच्या तोंडात घातली आणि शेजारची या तोंडात. सर्व्हरचा दिवा लागला आणि शेजारचा विझला. म्हणजे वायर ठणठणीत, हबचं ते तोंडच मेलेलं. आठ तोंडांचा हब आणि आठ कॉम्प्युटर, जास्तीचं तोंड एकही नाही.

"सात चालतायत," मी म्हटलं.

"आठ पाहिजेत, मॅडम. माझ्या हातात नाही. पुढच्या फेरीत बघू आपण."

"पुढची फेरी कधी?"

"दिवाळीनंतरच आता."

दिवाळीनंतर. मला डोळ्यांसमोर सरांचं हसणं दिसलं. मला रडू येत नाही सहसा, मी चिडते. मी म्हटलं, "चहा घेतल्याशिवाय तुम्हाला जाता येणार नाही, आणि चहा व्हायला वेळ लागणार आहे." साहेब हसले आणि बसले. मी हबची वीज काढली, सगळ्या वायरी सोडवल्या आणि तो फळीवरून खाली घेतला.

खालून जे दिसत नव्हतं ते हातात आल्यावर दिसलं. हबच्या डोक्यावर हळदकुंकू होतं. ताजं, अजून ओलसर. कडेला झेंडूची एक पाकळी चिकटलेली. मी तो उजेडात नेला, टॉर्च लावला आणि त्या मेलेल्या तोंडात बघितलं. आत, अगदी तळाशी, कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा आडवा बसला होता. अक्षता. त्याच्यामुळे प्लग पूर्ण आत जात नव्हता. लागला की टक् असा आवाज होतो, तो झालाच नसणार आणि आठ कॉम्प्युटरांच्या घरघरीत मला कळलं नव्हतं.

आमच्या घरात देवपूजा एकच माणूस करतो. मी वर बघितलं. बाबा दारात उभे होते, हात मागे बांधून. माझ्या हातातला हब त्यांनी बघितला, टॉर्च बघितला आणि सगळं त्यांना समजलं. चष्मा काढून ते धोतराच्या सोग्याने पुसायला लागले. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी सासूबाई गेल्या तेव्हाच पाहिला होता.

क्षणभर डोकं सणकलं, नाही असं नाही. आणि मग ती सगळी पूजा माझ्यासमोर उभी राहिली. मी उठायच्या आधी ते उठले असणार. गुडघे दुखतात म्हणून खाली न बसणारा माणूस शिडीवर चढला असणार. वायरींना मी आकड्यांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्या बघून बघून त्यांनी त्या काढल्या असणार, हब पाटावर ठेवून पूजा केली असणार आणि पुन्हा एकेक वायर जिथली तिथे लावली असणार. केबिनमध्ये आयुष्य काढलेला माणूस, आकडा एकही चुकला नव्हता.

मी केसांतली पिन काढली आणि तो दाणा हळूच बाहेर ओढला. मुठीत धरला. हब वर ठेवला, वायरी लावल्या, आठ वेळा टक् ऐकलं. आठ दिवे लागले.

साहेबांनी विचारलं, "काय झालं होतं?"

"प्लग नीट बसला नव्हता."

यात खोटं काहीच नव्हतं. मी प्रश्नपत्रिका सोडली आणि सातही पडद्यांवर ती एकदम उघडली. साहेब प्रत्येकासमोर जाऊन उभे राहिले, स्वयंपाकघरात येऊन सर्व्हर बघितला, पिठाचा डबा बघितला आणि म्हणाले, "जागेचा उपयोग चांगला केलाय." मग चहा प्यायले आणि निफाडला गेले.

ते गेल्यावर बाबा आत आले आणि त्या हॉलमध्ये पहिल्यांदा एका कॉम्प्युटरच्या खुर्चीवर बसले.

"माझ्यामुळे झालं ना?"

"काही झालेलं नाही बाबा."

"दसऱ्याला तू सगळ्यांना हार घातलेस. मनमाड राहिलं होतं."

खरंच राहिलं होतं. फळी उंच, मला तिची आठवणसुद्धा झाली नव्हती. मी म्हटलं, "पण तुम्हीच म्हणालात ना, डब्यांची कसली पूजा."

"डब्यांची म्हणालो," ते म्हणाले. "जंक्शनची नाही म्हणालो."

मग मात्र मला रडू आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्याशेजारी उभी राहून रडून घेतलं. इतके दिवस मला वाटत होतं, हा माणूस माझ्या हरण्याची वाट बघतोय. तो दाणा मी देवघरातल्या कुंकवाच्या कोयरीत टाकला. अजून असेल तिथे.

दिवाळीच्या आधी मान्यता आली. वसुबारसेच्या दिवशी आमचे हे दिवाणाला हात लावून म्हणाले, "बाबा, आत घ्यायचा का?" बाबा पत्ते वाटत होते. म्हणाले, "इथे वारा बरा लागतो." दिवाण व्हरांड्यातच राहिला आणि त्याच्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवणं हे बाबांनी आपलं काम करून घेतलं.

पहिली बॅच दिवाळीनंतर सुरू झाली. पहिल्या दिवशी पहिला विद्यार्थी आला तो निफाडकडचा एक गुरुजी. पन्नाशीचा, पायजमा-शर्ट, हातात पिशवी, कॉम्प्युटरच्या नुसत्या नावाने घाबरलेला. मी आत कणीक मळत होते. सगळं ऐकू येत होतं.

"सर हायेत का?" गुरुजींनी विचारलं.

माझा हात कणकेत थांबला.

"आहेत ना," बाबा म्हणाले. "सर आत स्वयंपाकघरात आहेत. चपला इथे काढा, आणि जाताना वायरींवर पाय देऊ नका. सगळ्या त्यांनी हाताने केल्यायत."

मी कणकेच्या हातांनीच बाहेर गेले.